कमलचे दोन ट्रे

मी गावाहून निघाले त्या सकाळी एसटी पंधरा मिनिटं उशिरा सुटली, आणि त्याला कारण आमचे बाबा. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलंय, उरलेल्यांनी ऐकलंय. बाबा गावच्या मंडळीचे मास्तर. आठवडाभर शाळा आणि रविवारी उपासना. थोडक्यात प्रार्थना करणं त्यांना कधी जमलंच नाही. लिंबाखाली आपली सगळी ख्रिस्ती आळी जमली होती. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सुरुवात केली. माझ्यासाठी, पुण्यासाठी, पिंपरीसाठी, कंपनीच्या साहेबांसाठी, मशिनींसाठी, वाटेतल्या पुलांसाठीसुद्धा. पानशेत फुटून चार-पाच वर्षंच झाली होती, पुलांचा भरवसा लोकांना अजून वाटत नव्हता. कंडक्टरने आधी घड्याळ बघितलं, मग टोपी काढली. ड्रायव्हर खाली उतरून हात बांधून उभा राहिला. शेवटी बाबा थांबले तेव्हा कंडक्टरही सगळ्यांबरोबर 'आमेन' म्हणाला आणि त्याच दमात 'चला, बसून घ्या' म्हणाला.

आई रडली नाही. भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीचं गाठोडं मांडीवर ठेवत ती एवढंच म्हणाली, "पोटभर जेव, आणि कुणाच्या पुढं पुढं करू नकोस." बाबा खिडकीशी आले. "करुणा, गर्दी बघून रस्ता ठरवायचा नाही. आधी रस्ता बघायचा, मग गर्दी." हे ते शाळेत पण सांगायचे, त्यामुळे मी नुसती मान हलवली. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला कधी एकदा गाडी सुटतेय असं झालं होतं.

मागच्या वर्षी त्याच बाबांच्या मातीला मी गावी आले. पाळकसाहेब कबरीशी उभे राहून बोलले. बाबांच्या शाळेबद्दल बोलले, उपासनेबद्दल बोलले, आणि मग म्हणाले, "अशी लेक घडवणारा बाप! पिंपरीच्या कारखान्यात आठ बायका एका बाजूला आणि आपली करुणा एका बाजूला. पण पोर वाकली नाही." तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होतात. काही जणींनी पदर डोळ्यांना लावला. मी मान खाली घातली, आणि तुम्हांला वाटलं असेल की ही नम्रता. ती नम्रता नव्हती. ती गोष्ट अर्धी आहे, आणि अर्धी आहे हे त्या गर्दीत फक्त मला माहीत होतं. आपल्या गावात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या पुण्या-मुंबईला पांगलेल्यांसाठी उरलेली अर्धी आज लिहून पाठवतेय. संडे स्कूलच्या मुलांना ती गोष्ट अजून सांगतात असं कळलं, म्हणून जास्त घाई केली.

तेव्हाची पिंपरी आज कुणाला सांगून खरी वाटणार नाही. आता मी चिंचवडला राहते, दोन खोल्या आणि गॅलरी, खाली स्कूटरींची रांग, आणि शेजारच्यांकडे टीव्ही असल्यामुळे रविवारी संध्याकाळी माझ्या मुली घरात सापडत नाहीत. त्या 'आई, टेन्शन घेऊ नको' असं म्हणतात आणि मी त्यांना भाकरी कशाशी खातात ते समजावते. पण तेव्हा कंपनीच्या भिंती संपल्या की लगेच ज्वारीची शेतं लागायची. खराळवाडीत माझी लांबची मावशी राहायची, तिच्या एका खोलीत मी पथारी टाकली. सकाळी भोंगा झाला की सायकलींचा पूर यायचा. गावात माणूस दिसला की 'सलाम' म्हणायची सवय. पहिल्या दिवशी मी गेटपर्यंत पंचवीस-तीस लोकांना सलाम केला असेल. एकानेही उत्तर दिलं नाही. मावशी रात्री हसून लोळली.

आमची कंपनी औषधांची होती. इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या भरून, सील होऊन आमच्या टेबलावर यायच्या. आम्ही नऊ जणी. पांढरा एप्रन, केस टोपीत, समोर अर्धा काळा आणि अर्धा पांढरा फळा आणि वर ट्यूबलाइट. एकेक बाटली त्या उजेडात धरायची, फिरवायची, बघायची. आत काचेचा कण आहे का, तंतू आहे का, डाग आहे का. वाईट असली तर लाल डब्यात टाकायची. ट्रे पूर्ण झाला की त्यात आपल्या नंबरची चिठ्ठी ठेवायची. माझा नंबर चौदा. उद्या कुठल्या दवाखान्यातून तक्रार आली तर ती बाटली कुणाच्या डोळ्यांखालून गेली ते त्या चिठ्ठीवरून कळायचं. दिवसाला प्रत्येकीचे सोळा ट्रे ठरलेले. दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं डोळे मिटून बसायची परवानगी होती, आणि ती पाच मिनिटं आम्हांला जेवणाच्या सुट्टीपेक्षा प्यारी होती.

माझ्या उजव्या हाताला कमल बसायची. एकवीस नंबर. कुरुळीची, म्हणजे चाकणच्या अलीकडची. वयाने माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. नवऱ्याने दुसरं लग्न करून हिला माहेरी आणून सोडलं होतं. घरी म्हातारी आई आणि तीन वर्षांची संगी. रोज एसटीने यायची, जायची. बोलायला अशी गोड आणि खट्याळ, की मावशीच्या खोलीतल्या एकटेपणाने मला पोखरलं असतं, त्यातून मी हिच्यामुळे वाचले. मी जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करायचे तेव्हा ती डबा उघडायची थांबायची. एकदा म्हणाली, "तुझं झालं की सांग, मला लई भूक लागलीया." त्यांच्या घरात सगळे बौद्ध झाले होते, घरी बाबासाहेबांचा फोटो होता आणि संध्याकाळी वंदना व्हायची.

एके दिवशी ती मला म्हणाली, मला इंग्रजी अक्षरं शिकव. मला कोण आनंद झाला! मिशनच्या शाळेत शिकलेली ती अक्षरं कुणाच्या तरी कामी येणार होती. पण तिने एक कागद काढला आणि म्हणाली, याच क्रमाने शिकव. क्रम विचित्र होता, एबीसीडीशी त्याचा काही संबंध नव्हता. मी विचारलं नाही. आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत आम्ही ती अक्षरं घोकली. पुढच्या सोमवारी कंपनीचे डॉक्टर डोळे तपासायला आले. माझी पाळी आली, मी समोरच्या तक्त्याकडे बघितलं. तीच अक्षरं, त्याच क्रमाने. माझ्या मागे उभी असलेली कमल खालच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा म्हणाली आणि पास झाली.

कमलला दिसत नव्हतं. जवळजवळ वर्षभर दिसत नव्हतं. माणूस दिसायचा, बस दिसायची, पण बाटलीतला कण दिसायचा नाही. बाकीच्या सात जणींना हे ठाऊक होतं आणि त्यांनी त्यावर तोड काढली होती. लीलाताई आमच्यात सर्वांत जुन्या, चिंचवडगावच्या. त्यांनीच ती बसवली होती. कमलचे सोळा ट्रे सात जणींनी आपसात वाटून घ्यायचे. कमलने सगळ्यांच्या बाटल्या पुसून द्यायच्या, खोकी भरायची, आणि आपल्या नंबरच्या चिठ्ठ्या सकाळीच जिच्या तिच्या हातात द्यायच्या. डोळे मिटायची पाच-पाच मिनिटं आणि चहाची सुट्टी त्यात जायची. मी नवी म्हणून मला वगळलं होतं. आता मला कळलंच आहे तर मीही दोन ट्रे घ्यावेत, म्हणजे प्रत्येकीला बरोबर दोन येतील, असं लीलाताई म्हणाल्या.

इथे एक गोष्ट मला स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण पाळकसाहेबांच्या गोष्टीत ती नसते. त्या बायका फसवाफसवी करून आराम करत नव्हत्या. त्या ट्रेमधली एकेक बाटली नीट बघितली जात होती. कुणा रोग्याला धोका नव्हता. खोटी होती ती फक्त चिठ्ठी.

पण चिठ्ठी खोटी होती, आणि मी नाही म्हटलं.

"ट्रे बघायला माझी ना नाही," मी कपडे बदलायच्या खोलीत लीलाताईंना म्हणाले. "पण मी बघितलेल्या बाटलीवर एकवीस नंबर टाकणार नाही. ते खोटं आहे."

"अगं, चिठ्ठी काय देव वाचतोय व्हय?"

"वाचतो म्हणूनच तर."

बायका हसल्या. लीलाताई हसल्या नाहीत. "आमी काय देव मानीत न्हाई? पण देवानं कमळीला डोळे दिले न्हाईत, तर आमी सात जणींनी दिले. त्यात पाप कसलं ते सांग." त्याचं उत्तर मला आजही पूर्ण सुचलेलं नाही. तेव्हा मी एवढंच म्हणाले की मला माझ्या प्रभूला तोंड दाखवायचं आहे. मी माझाच चौदा नंबर टाकते म्हटलं, तर त्या म्हणाल्या तसं केलंस तर कमलचे ट्रे कमी भरतील आणि तिच्यावर संशय येईल. आणि एकजण अठरा करते म्हटल्यावर साहेब सगळ्यांना अठरा लावतील. घ्यायचे तर तिच्या नंबरावर घे, न्हाईतर हात लावू नकोस.

मग सुरू झालं. आधी चेष्टा. मला 'पाद्रीणबाई' म्हणायला लागल्या. मग समजावणं, मग बोलणं बंद. कँटीनमध्ये मी बाकावर बसले की बाक रिकामा व्हायचा. संक्रांतीला टेबलाशी तिळगूळ वाटला गेला, माझ्या डावीकडे वाटला, उजवीकडे वाटला, मधला हात तसाच राहिला. मी खूप रडले त्या दिवशी. लहान गोष्ट आहे, पण एकोणीस वर्षांच्या मुलीला, जिला त्या शहरात मावशीखेरीज कोणी नाही, तिला ती लहान नसते. सुटीनंतर गेटबाहेर कमल आली आणि रुमालात बांधलेला तिळाचा लाडू माझ्या हातात ठेवला.

"तू न्हाई म्हणालीस ते मला लागलं न्हाई," ती म्हणाली. "आमच्यातबी रोज म्हणत्यात, खोटं बोलनार न्हाई. म्या सांजच्याला म्हनते आन् सकाळी चिठ्ठ्या वाटते. काय करू? संगीला काय घालू?"

रात्री गुडघे टेकून मी किती वेळ बसले असेन ते मावशीला विचारा, ती घोरायची थांबून बघायची. मी शक्ती मागितली, आणि मिळाली, हे मी कुणापुढेही नाकारणार नाही. सात बायकांचा अबोला मी दीड महिना सहन केला आणि चिठ्ठी टाकली नाही. ती ताकद माझी नव्हती. गोष्टीतला एवढा भाग खरा आहे, आणि ज्या मुलांना तो सांगितला जातो त्यांनी तो खुशाल खरा मानावा.

चूक पुढे झाली. मला कमलचं वाईटही वाटत होतं आणि चिठ्ठीही नको होती. एका सकाळी कमल चिठ्ठ्या वाटत होती, तिने चुकून माझ्यापुढेही दोन धरल्या. तिला चेहरे नीट दिसतच नव्हते ना. मी त्या घेतल्या. एप्रनच्या खिशात ठेवल्या. कमलचे दोन ट्रे ओढले, चहाच्या सुट्टीत बसून एकेक बाटली पाहिली, आणि त्यात माझ्या, चौदा नंबरच्या चिठ्ठ्या ठेवल्या.

लीलाताईंनी मला ट्रे ओढताना पाहिलं. जवळ येऊन पाठीवरून हात फिरवला, "शहाणी गं माझी बाई ती." त्या दिवशी कँटीनमध्ये माझ्यापुढे चहा आला. मी काही बोलले नाही. दानधर्म गुपचूप करावा, त्याचा गवगवा करू नये, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. मी स्वतःला तेच सांगितलं. खोटं मी एक अक्षर बोलले नव्हते. चिठ्ठी खरी होती, मदतही होत होती, आणि वर चहाही मिळत होता. लीलाताईंनी जे बजावलं होतं ते मी विसरले नव्हते. फक्त दोन ट्रेंनी काय होतंय, असं मनाला समजावलं. घरी जाताना मी गीत गुणगुणत गेले. आज त्या मुलीची मला चीड येते.

रोज तसंच. कमल चिठ्ठ्या द्यायची, मी खिशात टाकायचे. मधल्या रविवारी आमच्या छोट्या मंडळीत साक्ष द्यायला कुणी उठेना. शाळेच्या एका वर्गात आम्ही तीस-चाळीस जण जमायचो. मी उठले. सांगितलं, आठ जणी कशा होत्या, मी कशी एकटी होते, प्रभूने कसं उभं ठेवलं. आठ म्हणताना मी कमललाही त्यातच धरलं, तेही आता आठवतं. लोकांचे डोळे भरून आले. नगरकडचे एक पाळक त्या दिवशी पाहुणे म्हणून आले होते. माझी साक्ष गावापर्यंत पोचली ती तिथून. बाबांचं कार्ड आलं: 'तुझं ऐकून तुझी आई आणि मी दोघेही रडलो. रस्ता बघितलास.'

शनिवारी सुपरवायझरबाई ट्रेंची बेरीज करायच्या. पहिल्या शनिवारी त्यांना वाटलं आपलंच मोजायला चुकलं. दुसऱ्या शनिवारीही चौदा नंबरचे रोज दोन जास्त आणि एकवीस नंबरचे रोज दोन कमी. सोमवारी त्या कमलच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसल्या आणि तिला एक ट्रे दिला. खुणेचा ट्रे, त्यातल्या बारा बाटल्या मुद्दाम खराब ठेवलेल्या असतात. हॉलमध्ये मशीनचा आवाज होता तरी आम्हांला एकमेकींचे श्वास ऐकू येत होते. कमलने एकेक बाटली उचलली, उजेडात धरली, फिरवली, अगदी सावकाश, पद्धतशीर, जशी आम्ही सगळ्या धरतो तशी. आणि एकेक करून सगळ्या चांगल्या म्हणून ठेवल्या. लाल डबा रिकामा राहिला.

संध्याकाळी तिचं कार्ड काढून घेतलं. नोकरी गेली. बाकीच्या सात जणींना दोन दिवस घरी बसवलं. मला साहेबांनी केबिनमध्ये बोलावून 'सिन्सियर मुलगी' म्हटलं. मी बाहेर आले तेव्हा लीलाताई माझा एप्रन हातात धरून उभ्या होत्या. खिशातून एकवीस नंबरच्या चिठ्ठ्या काढून त्यांनी बाकावर ओतल्या. त्या ओरडल्या नाहीत, शिवी दिली नाही. "न्हाईच म्हनायचं हुतं तर न्हाई म्हनत राहायचं," एवढंच म्हणाल्या. "तुझं 'न्हाई' आमी सोसत हुतो की."

महिनाभराने मी कुरुळीला गेले. धीर करायला महिना लागला. घर शोधावं लागलं नाही. कमल ओट्यावर बसली होती, पुढ्यात सूप. ज्वारीतले खडे ती बोटांनी चाचपून काढत होती. माझा आवाज ओळखून तिने जागा दिली. तिच्या आईने मला पाणी आणून दिलं आणि ती आत गेली. संगी दाराला धरून माझ्याकडे बघत राहिली. मी रडत रडत काय काय बोलले ते आठवत नाही. देवाचं नाव बऱ्याच वेळा घेतलं असणार. कमल खडे काढत राहिली.

मग म्हणाली, "तू चिठ्ठी टाकनार न्हाईस ते मला पटलं हुतं. खरंच पटलं हुतं. पन मला सांगायचं हुतं ना, करुणा. लीलाताई म्हनल्या हुत्या, ही पोरगी रोज आपल्या चिठ्ठ्या घेती, पन टाकती का बघ जरा. म्या म्हनलं, बघायला कशाला लागतंय. ती खोटं वागनार न्हाई."

शेवटच्या एसटीने परत आले.

त्यानंतर मी आणखी दोनदा गेले. कमल बोलायची, हसायचीसुद्धा, पण पूर्वीसारखं नाही. सहा-सात महिन्यांनी आमच्याच टेबलावरच्या एका बाईची नजर कमी झाली. ती सरळ साहेबांकडे गेली आणि 'मला दिसत नाही' म्हणाली. तिला खोकी भरायच्या विभागात बदलून दिलं. एवढं सोपं होतं. मी कमलचा हात धरून त्या केबिनमध्ये गेले असते तर काय झालं असतं, मला माहीत नाही. कदाचित काही झालं नसतं. पण मी गेले नव्हते. मी तिला सोडून फक्त माझा आणि देवाचा हिशेब बघत बसले होते, जणू देवाने तिच्याबद्दल मला कधी विचारलंच नसतं.

मग माझं लग्न झालं, मुली झाल्या. चार वर्षांनी कुरुळीला गेले तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, भाऊ येऊन सगळ्यांना कल्याणकडं घेऊन गेला. पत्ता कुणाकडे नव्हता. कमलची दृष्टी तोवर पार गेली होती, असंही ती म्हणाली. मी कल्याणच्या एका ओळखीच्या पाळकांना लिहिलं, दोन वेळा स्वतः जाऊन आले. एवढ्या मोठ्या गावात अंध बाई आणि तिची मुलगी म्हणून कुणाला विचारणार? संगी आता वीसएक वर्षांची असेल. रस्त्यात समोर आली तरी मी तिला ओळखणार नाही.

बाबांना मी हे कधी सांगितलं नाही. दर सुट्टीत सांगायचं ठरवून यायचे. बाबा कुणीतरी भेटायला आलं की अभिमानाने 'ही आमची करुणा' म्हणायचे आणि माझं तोंड बंद व्हायचं. एकटी असताना सात जणींपुढे 'नाही' म्हणणारी मी, तुमच्या सगळ्यांच्या कौतुकापुढे इतकी वर्षं मुकाट राहिले. त्या बायकांचा दबाव मला झेपला. तुमचा झेपला नाही. तो प्रेमाचा होता, म्हणून तो दबाव आहे हेच मला कळलं नाही. बाबा तसेच गेले, माझी अर्धी गोष्ट घेऊन.

तेव्हा पाळकसाहेबांना माझा सलाम सांगा आणि ही माझी विनंती सांगा. मुलांना गोष्ट जरूर सांगा. जगाच्या म्हणण्याला नाही म्हणता येतं, देव बळ देतो, हे खरंच आहे. पण पुढे कमलचंही सांगा, नाव घेऊन सांगा. आणि रविवारी प्रार्थनेत माझ्या धैर्याबद्दल उपकार मानण्यापेक्षा तिच्यासाठी मागा, ती जिथे असेल तिथे.

इथे शेजारणी मला विचारतात, तुमचं घर कुठलं? मी आपल्या गावाचं नाव सांगते. मुली म्हणतात, आई, आपलं घर चिंचवडला आहे, असं काय करतेस. मुलींचं बरोबर आहे. स्वयंपाक इथे होतो, पत्र इथे येतं, मरणही बहुतेक इथेच येईल. तरी सुट्टी जवळ आली की मी पिशवी भरायला लागते. पण गेली इतकी वर्षं मी तुमच्याकडे आले, जेवले, राहिले, आणि एकदाही घरी आल्यासारखं वाटलं नाही, कारण तुम्ही ज्या करुणाला ताट वाढत होतात ती मी नव्हते. आता मी कोण ते तुम्हांला ठाऊक झालं. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागेल. हे सगळं वाचून झाल्यावरही तुमच्यातलं कुणी मला 'ये' असं लिहिलं, तर मी येईन, आणि सोळा-सतरा वर्षांत पहिल्यांदा घरी येईन.